गर्भ रुजतो कसा?

(नवरा-बायको दोघांनी एकत्र बसून वाचावे)



लग्नाला दीड-दोन वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की गल्लीत कुजबुज सुरू होते. "हिच्या पोटात ठरतच नाही." "अंगात उष्णता फार." "कुणाची तरी नजर लागली." बोट उठतं ते सुनेकडे. चार घरं सोडून दुसरीकडे उलट तऱ्हा. पहिलं मूल अजून अंगावर पितंय, तोच दुसऱ्याची चाहूल लागते. नर्सबाई तांबी बसवून घ्या म्हणतात, तर सासूबाई आडव्या येतात: "तांबीनं राहिलेला गर्भ पडतो. नको ते पाप."

दोन्ही घरांतली काळजी खरी आहे. माहिती मात्र दोन्हीकडे अपुरी आहे, आणि ती एकाच जागी अपुरी आहे. संबंध आला आणि गर्भ राहिला, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मध्ये आठ-दहा दिवसांचा प्रवास असतो आणि त्याच्या शेवटी गर्भाला गर्भाशयात रुजावं लागतं. रुजला तर दिवस राहतात. नाही रुजला तर पाळी येते, आणि बहुतेक वेळा कुणाला पत्ताही लागत नाही. या पत्रकात त्या रुजण्याची माहिती आहे. विषय थोडा अवघड आहे, पण ज्यांना शेती कळते त्यांना तो कळायला जड जाऊ नये.

बीज दोघांचं

आपल्याकडे म्हणतात, बीज पुरुषाचं आणि शेत बाईचं. हे अर्धंच खरं आहे. बाईकडे शेत आहे आणि बीजही आहे. अर्धं बीज तिचं, अर्धं त्याचं, आणि दोन्ही मिळाल्याशिवाय कोंब फुटत नाही. म्हणून पीक आलं नाही तर दोष नुसत्या शेताला देता येत नाही.

पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी बाईच्या बीजकोशातून एक स्त्रीबीज बाहेर पडतं आणि गर्भनलिकेत येतं. त्याचं आयुष्य फार तर एक दिवसाचं. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, असे महिन्यातले सहाच दिवस गर्भधारणेचे असतात. मूल हवं असणाऱ्यांनी हे दिवस लक्षात ठेवावेत. मूल नको असणाऱ्यांनी मात्र नुसत्या दिवस मोजण्यावर विसंबू नये, कारण पाळी मागेपुढे झाली की हिशेब चुकतो.

शुक्रजंतू आणि स्त्रीबीज यांची भेट गर्भनलिकेत होते, गर्भाशयात नाही. भेटीनंतर एकाचे दोन, दोनाचे चार असे भाग होत जातात. तीन-चार दिवस हा गोळा नलिकेतून हळूहळू खाली सरकतो आणि मग गर्भाशयात उतरतो. पाचव्या दिवसाच्या सुमारास त्यात शंभरावर पेशी असतात, आणि तरीही तो खसखशीच्या दाण्याहून कितीतरी लहान असतो. त्याच्याभोवती एक पातळ पारदर्शक कवच असतं. अंडं फोडून पिल्लू बाहेर यावं तसा तो ते कवच फोडून बाहेर येतो. आता त्याला जागा हवी असते. आधी तो अस्तराला टेकतो, मग चिकटतो, आणि मग अस्तराच्या आत शिरून आईच्या रक्तापर्यंत पोचतो. यालाच आपण रुजणं म्हणू.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मुलगा की मुलगी हे भेटीच्या क्षणीच ठरतं, रुजण्याच्या पाच-सहा दिवस आधी. आणि ते ठरतं पुरुषाच्या शुक्रजंतूवर. कोणती मुळी, कोणती पुडी, कोणत्या कुशीवर झोपणं, यानं त्यात काही बदल होत नाही. मुलगी झाली म्हणून बायकोला बोलणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

वाफसा

जमिनीला वाफसा येतो म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. चिखलात पेरलं तर बी कुजतं, कोरड्यात पेरलं तर पाखरं खातात. ओल बेताची, माती भुसभुशीत, ते चार दिवस पेरणीचे.

गर्भाशयाच्या अस्तरालाही असाच वाफसा यावा लागतो. पाळी संपली की बीजकोशातून येणाऱ्या एका संप्रेरकामुळे अस्तर वाढू लागतं. बीज सुटल्यावर दुसरं संप्रेरक येतं आणि ते अस्तर मऊ, ओलसर, रक्तानं भरलेलं करतं. अठ्ठावीस दिवसांची पाळी धरली तर साधारण विसाव्यापासून चोविसाव्या दिवसापर्यंत हा वाफसा असतो. गर्भ त्याच दिवसांत येऊन टेकला पाहिजे. आधी आला तर अस्तर तयार नसतं. फार उशिरा आला तर अस्तराचा गळून जाण्याचा बेत झालेला असतो.

गर्भ आणि अस्तर दोघांचं वेळापत्रक जुळणं ही मोठी नाजूक गोष्ट आहे. ती दर महिन्याला जुळत नाही. धडधाकट तरुण जोडप्यांतही, मूल हवं म्हणून प्रयत्न करताना, एका महिन्यात पाचांपैकी साधारण एकालाच दिवस जातात. बाकीच्या चौघांत काही बिघाड असतो असं नाही.

दारं धरणारा वायू

मळ्यात पाणी सोडलं की एक माणूस खोरं घेऊन दारं धरायला उभा राहतो. या वाफ्याचं दार मोडायचं, त्याचं बांधायचं, पाणी जिथं हवं तिथं वळवायचं. गर्भाशयाच्या अस्तरात रक्त वळवायलाही असाच कुणीतरी लागतो. पुष्कळ जण मिळून ते काम करतात. त्यातला एक आहे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू.

वायू म्हटल्यावर दचकू नका. पोटात धरणारा वात तो हा नव्हे. नावात साम्य असलं तरी दवाखान्यात भूल देताना हुंगवतात तो वायूही वेगळा. नायट्रिक ऑक्साइड आकाशात वीज कडाडते तेव्हा हवेतच तयार होतो, आणि पुढे त्याचं रूपांतर होऊन तो पावसाबरोबर खत म्हणून जमिनीत उतरतो. मोटारींच्या धुरातही तो असतो, आणि तिथे तो घातक आहे. पण आपलं शरीरही तो अगदी थोडा थोडा बनवत असतं. डाळी, शेंगदाणे, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांत आर्जिनिन नावाचा घटक असतो, त्यापासून. बनल्यावर तो काही सेकंदच टिकतो. तेवढ्या वेळात शेजारच्या रक्तवाहिनीच्या स्नायूला सैल पडायचा निरोप देतो आणि संपून जातो. स्नायू सैल पडला की वाहिनी रुंद होते आणि रक्त जास्त वाहतं.

हे कळलं तेही अलीकडे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून काहीतरी सुटतं आणि वाहिनी सैल पडते, हे १९८० साली अमेरिकेतल्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं. ते काहीतरी म्हणजे हाच वायू, हे १९८६-८७ च्या सुमाराला उमगलं. फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फेरिद मुराद या तिघांना त्याबद्दल १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. गंमत अशी, की ज्या आल्फ्रेड नोबेल यांच्या नावानं हे पारितोषिक आहे त्यांनी १८६७ साली डायनामाइट काढलं, आणि त्यात होतं नायट्रोग्लिसरीन. पुढे म्हातारपणी छातीत दुखू लागलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना औषध म्हणून दिलं तेही नायट्रोग्लिसरीनच. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी तुम्ही घरात कुणाकडे पाहिली असेल. ती याच जातीची. तिच्यातून शरीरात हाच वायू सुटतो आणि हृदयाच्या वाहिन्या सैल पडतात.

आता गर्भाशयाकडे वळू. हा वायू तयार करणारी यंत्रणा गर्भाशयाच्या अस्तरात असते आणि पाळीच्या चक्राबरोबर तिचं काम कमी-जास्त होतं. गर्भ यायच्या वेळी अस्तरातल्या वाहिन्या रुंद करणं, गर्भाशयाच्या जाड स्नायूला शांत ठेवणं म्हणजे तो आवळून गर्भाला ढकलणार नाही, आणि अस्तराच्या पेशींना गर्भ सामावण्याजोगं रूप घ्यायला मदत करणं, ही कामं तो करतो असं संशोधनातून दिसतं. उंदरांवर प्रयोग झाले. त्यांत हा वायू तयार होणं औषध देऊन अडवलं, तेव्हा गर्भ रुजण्याचं प्रमाण घटलं.

मग जास्त वायू दिला तर जास्त गर्भ रुजतील का? तसं नाही. तो जेवणातल्या मिठासारखा आहे. उंदरांचे गर्भ बाहेर भांड्यात वाढवताना हा वायू जास्त झाला की गर्भाची वाढ खुंटते, पेशी मरतात. शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी जंतू मारायला हाच वायू भरमसाट बनवतात. म्हणजे ज्या हातानं दार उघडायचं त्याच हातानं विष टाकण्यासारखं होतं. म्हणून गर्भाशयात सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तर रुजण्याची जागा बिघडते. अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय, ओटीपोटात दुखतंय, तर ते लपवू नका. क्षयरोगही गर्भाशयाला आणि नलिकांना होतो, आणि आपल्या देशात मूल न होण्याचं ते एक कारण आहे. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात.

नळीतून गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारातही रुजणं हीच मोठी अडचण असते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली असं मूल जन्माला आणलं. पण डॉक्टरांनी गर्भ हातानं नेऊन ठेवला तरी तो रुजेलच अशी हमी आजही कुणी देऊ शकत नाही. जिभेखालच्या गोळीसारखी औषधं देऊन रुजणं वाढतं का, हेही पाहून झालं. त्यामुळे मुलं जन्माला येण्याचं प्रमाण वाढतं असं ठामपणे दिसलेलं नाही. तेव्हा "गर्भ रुजवायची गोळी", "पिशवीला ताकद देणारी पूड" असं म्हणून कुणी बाजारात काही विकत असेल तर पैसे जपून ठेवा. छातीची गोळी तर कुणाच्या सांगण्यावरून मुळीच घेऊ नका. रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते.

मिश्री आणि विडी

या वायूची ताकद घटवणारी एक वस्तू मात्र आपल्याच घरात असते. विडी-सिगारेटच्या धुरानं रक्तवाहिन्यांच्या अस्तराची हा वायू बनवण्याची शक्ती कमी होते. ओढणारा नवरा असला आणि बायको शेजारी बसली असली तरी धूर तिच्याही छातीत जातो. शिवाय विडी-तंबाखूनं शुक्रजंतूंचीही हानी होते.

"मी कुठं ओढते, मी नुसती मिश्री लावते," असं म्हणणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. धूर नसला तरी निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरतं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची पाहणी झाली, तिचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्री, तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं वजनाला सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरली. दिवस राहिल्यावर सोडू म्हणाल तर रुजण्याचा काळ तोवर निघून गेलेला असतो. मूल हवं असं ठरवाल त्या महिन्यापासून ती बंद करा. फॉलिक अॅसिडची गोळीही तेव्हापासूनच सुरू करावी, कारण बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते. पाळी चुकल्याचं ध्यानात यायला बरेचदा तेवढे दिवस जातात.

दिवस चार चुकले आणि पाळी आली

पाळीला पाच-सहा दिवस उशीर होतो, घरात आशा लागते, आणि मग नेहमीपेक्षा जास्त अंगावरून जातं. अशा वेळी सुनेनं काय खाल्लं, कुठं गेली, घागर का उचलली, याची चौकशी सुरू होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात २२१ निरोगी बायकांची रोजची लघवी काही महिने तपासली गेली. त्याचा निष्कर्ष १९८८ साली छापून आला. त्या काळात १९८ वेळा गर्भ रुजल्याचं दिसलं, आणि त्यातले शंभरात बावीस गर्भ, दिवस राहिल्याचं कळण्याआधीच गेले. पाचांत एकाहून जास्त! ह्या बायका आजारी नव्हत्या. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना काही चुकीचं करताना पाहिलं नव्हतं.

त्याच पाहणीचा दुसरा भाग १९९९ साली आला. टिकलेल्या गर्भांपैकी शंभरात चौऱ्याऐंशी गर्भ बीज सुटल्यापासून आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. अकराव्या दिवसानंतर जे रुजले त्यांतले बहुतेक टिकले नाहीत. वाफसा मोडल्यावर पेरलेलं कसं उगवणार? असे गर्भ जाण्यामागे पुष्कळदा बीजातच मुळात दोष असतो, आणि तो कुणाच्या वागण्यानं आलेला नसतो. एकदा असं झालं म्हणजे पुढे मूल होणार नाही असंही नाही.

संबंधानंतर बाईनं पाय वर करून पडून राहावं, दोन आठवडे काम करू नये, असं सांगतात. त्याचा उपयोग नाही. नळीतून तयार केलेला गर्भ आत सोडल्यानंतर झोपवून ठेवलेल्या बायकांतही त्याचा फायदा दिसलेला नाही. गर्भाला अस्तर धरून ठेवतं, चालल्यानं तो गळत नाही. अंग मोडेपर्यंत काम करून घ्यावं असा याचा अर्थ घरच्यांनी काढू नये.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी दवाखान्यात जावं. बायकोचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने पुरेत. आणि पहिल्यांदा नवऱ्याचं वीर्य तपासावं. ती तपासणी स्वस्त आहे, बिनदुखण्याची आहे. मूल नसलेल्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बायकोच्या कारणाबरोबर असतं. बायकोला तीन गावचे डॉक्टर आणि दोन देवऋषी दाखवून झाल्यावर नवरा तपासायला येतो, हे काही शहाणपणाचं नाही.

पाळणा लांबवायचा तर

एक मूल झाल्यावर पुढचा गर्भ राहायला निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत, म्हणजे दोन मुलांत जवळपास तीन वर्षांचं अंतर पडतं. आईचं अंग भरून यायला तेवढा वेळ लागतो. पाळी आली नाही तोवर धोका नाही, अशा समजुतीत राहू नका. बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधी बीज सुटतं. म्हणून कित्येकींना पाळी न दिसताच दुसरे दिवस राहतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी सुरू झालेली नाही आणि बाळाला रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच अंगावर पाजण्याचा भरवसा धरता येतो. यातली एक जरी तुटली तरी साधन हवं.

साधनं वाट कुठे अडवतात, हे आता तुम्हाला सहज कळेल. निरोध आणि पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी शुक्रजंतूंना वेशीवरच थांबवतात. रोजच्या गोळ्या आणि तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन मुख्यतः बीज सुटू देत नाहीत.

तांबीबद्दलची भीती इथेच सोडवून घेऊ. तांबीतलं तांबं अगदी सूक्ष्म प्रमाणात झिरपत राहतं. त्यानं शुक्रजंतू लुळे पडतात, मरतात. त्यामुळे बहुतेक वेळा बीजाची भेटच होत नाही, मग गर्भ पडायचा प्रश्न कुठला? क्वचित भेट झालीच तर अस्तरही रुजायला अनुकूल राहत नाही, ही तिची दुसरी तटबंदी. रुजलेला गर्भ पाडण्याचं ते साधन नव्हे. म्हणूनच बसवण्याआधी दिवस राहिलेले नाहीत ना, याची डॉक्टर खात्री करून घेतात. सरकारी दवाखान्यात पाच वर्षांची आणि दहा वर्षांची अशा दोन तांब्या मोफत मिळतात. बाळंतपणानंतर अठ्ठेचाळीस तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. पहिले काही महिने पाळीत जास्त जातं, कळ येते. मूल हवं झालं की काढायची आणि पुन्हा दिवस राहू शकतात. तांबी वर चढून काळजात जाते, हे खोटं आहे.

रुजण्याच्या टप्प्यावरच काम करणारी एक गोळी आपल्या देशात तयार झाली आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती शोधली गेली आणि १९९१ पासून सहेली या नावानं मिळू लागली. सरकारी दवाखान्यात आता ती छाया नावानं मोफत मिळते. हिच्यात संप्रेरक नाही. ही घेतल्यावर बीज सुटतं, पण अस्तराला वेळेवर वाफसा येत नाही, म्हणून गर्भ रुजत नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरुवात करायची. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे पहिली गोळी रविवारी घेतली तर पुढची बुधवारी, आणि नंतर आठवड्यातून एकदा, पहिल्या गोळीच्या वारी. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. काहींची पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर लघवी तपासून घ्या. गोळी चुकली तर आठवण येताच घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांहून जास्त चुकली तर पहिल्यापासून सुरू करावी लागते. कावीळ किंवा यकृताचा आजार नुकताच झालेला असेल, बीजकोशात गाठी असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा.

वैद्यकशास्त्र गर्भारपण रुजल्यापासून धरतं, त्यामुळे छाया ही गर्भपाताची गोळी ठरत नाही. पण बीजांची भेट झाली की तिथूनच जीव, असं ज्यांचं मन सांगतं त्यांनी संकोच न करता दुसरं साधन मागावं. साधनं पुष्कळ आहेत. मनात किंतु ठेवून घेतलेली गोळी पुढे सुटू शकते.

निरोध फाटला, किंवा काहीच वापरलं नाही, तर बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी आशाताईंकडे मिळते. जितकी लवकर तितकी बरी. ती बीज सुटणं लांबवते. एकदा रुजलेल्या गर्भावर तिचा परिणाम होत नाही. ती रोजच्या वापरासाठी नाही.

काही विचारले जाणारे प्रश्न

दिवस राहिलेत हे लवकरात लवकर कधी कळेल? गर्भ रुजल्यानंतरच तो आपल्या अस्तित्वाची खूण आईच्या रक्तात आणि लघवीत सोडतो. म्हणून संबंधानंतर दोन-तीन दिवसांनी तपासून काही दिसत नाही. पाळी चुकली की आशाताईंकडून निश्चय किट घ्या आणि सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकून घरीच पाहा. नाही आलं आणि पाळीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा तपासा.

गर्भ भलत्या ठिकाणी रुजतो का? होय, कधी कधी नलिकेतच रुजतो. तिथे जागा नसते, आणि वाढला की नलिका फुटते. पाळी चुकलेली आहे, पोटात एका बाजूला जोराची कळ येते, थोडं अंगावरून जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते, असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. काही तासांत जीव जाऊ शकतो. तांबी असताना पाळी चुकली तर तर हे मुद्दाम तपासून घ्यावं.

रुजण्याच्या दिवसांत थोडं रक्त दिसतं, ते काय? काहींना एखादा ठिपका दिसतो. दुखणं नसेल तर काळजी नको. त्यालाच पाळी समजून तारीख मात्र चुकवू नका.

पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवत जा. नवऱ्यानंही ती खूण पाहत जावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात येताना शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा चिठ्ठीवर लिहून आणा, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणा, आणि दोघंही या.